बाई आज वारल्या आहेत

महिन्यातून एकदा, कुठल्याही वारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनला फोन यायचा. "मी आज नाही. कोणी विचारलं तर वारले म्हणून सांगा." एवढं बोलून फोन बंद.

रिसेप्शनवरची मुलगी नवीन असेल तर पहिल्या वेळी ती रडायची. दुसऱ्या वेळी शांतपणे वहीत लिहायची, 'बाई वारल्या, एक दिवस.' रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये आजारपण, बाळंतपण, लग्न असे रकाने होते. हा नव्हता. त्यामुळे एचआरने बाईंची ही रजा कायम 'इतर'मध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर हजर. फिकी सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, खांद्याला शबनम. आल्या आल्या विचारायच्या, "मी नसताना काय अडलं?" काही अडलं नाही म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उजळायचा. अमुक एक गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत होती म्हणून थांबलो, असं कोणी सांगितलं की त्या लगेच वही उघडून ती गोष्ट लिहून काढायच्या आणि तिघांना वाचायला लावायच्या. तिघांनाच. दोघांना नाही, चौघांना नाही.

आमची कंपनी हडपसरच्या एका आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर होती. काम हॉस्पिटलांचे एक्स-रे, सीटी स्कॅन वगैरे साठवून ठेवण्याचं. हे एका मोठ्या मशीनमध्ये ठेवत नसत. साध्या तीस-चाळीस सर्व्हरवर वाटून ठेवायचे, प्रत्येक फोटोच्या वेगवेगळ्या जागी तीन प्रती. एखादा सर्व्हर जळाला तरी फोटो जात नाही. या सगळ्यांवर नजर ठेवणारे, कुठला फोटो कुठे आहे याची वही सांभाळणारे, नव्या फोटोला क्रमांक देणारे सर्व्हर वेगळे. त्यांना मॅनेजमेंट नोड म्हणायचं. ते किती असावेत, कुठे ठेवावेत, त्यांच्यात भांडण लागलं तर कोणाचं खरं मानावं, हे ठरवणं बाईंचं काम होतं. मी त्यांच्या हाताखाली होतो. यवतमाळकडून आलेला, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना मॅडम म्हणालो.

"मॅडम कशाला? बाई म्हणा. आहेच मी."

दुसऱ्या दिवशी म्हणालो, "बाई, सर्व्हर चालू होऊन राहिला."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "भाडं देतोय ना?"

पन्नाशी ओलांडलेल्या बाई या धंद्यात कशा आल्या याचं सगळ्यांना कोडं होतं. त्या टेलिफोन खात्यातल्या. घरोघर मोबाइल आले, खात्याने लोकांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली, ती यांनी घेतली. वर्षभर पोरांच्या बरोबरीने क्लासला बसून कॉम्प्युटर शिकल्या आणि आमच्याकडे मुलाखतीला आल्या. मुलाखतीत मॅनेजरने विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? बाई म्हणाल्या, "असेन तर इथेच. नसेन तर तुमची अडचण होऊ नये, एवढं बघेन." त्याला ते उत्तर नम्र वाटलं. नंतर त्याला कळलं की ते नम्र नव्हतं, नियोजन होतं.

मॅनेजर माझ्याहून चारच वर्षांनी मोठा होता. वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत असायचा. बाईंचा आणि त्याचा पहिला खटका नोडांवरून उडाला. बिबवेवाडीला मोठं हॉस्पिटल होतं, त्याची शाखा हडपसरला. त्या हॉस्पिटलचे विश्वस्त मीटिंगला आले होते. मॅनेजर इंग्रजीत अर्धा तास बोलला. मग एका वयस्कर विश्वस्तांनी हळूच विचारलं, "हे तीन नोड कशाला? एकाने भागत नाही?"

बाई उठल्या. "एक ठेवला आणि तो मेला तर?"

"मग दोन ठेवा."

"दोघांचं बोलणं तुटलं तर दोघंही म्हणणार, दुसरा मेला, आता मालक मी. भावाभावांच्या जमिनी बघितल्यात ना?"

विश्वस्तांनी बघितल्या असाव्यात. ते गंभीर झाले.

"तीन ठेवले की दोघांचं जमेल त्यांनी काम चालवायचं. ज्याला बाकीचे दोघं सापडत नाहीत, त्याने गप्प बसायचं."

"गप्प म्हणजे बंद?"

"बंद. माहीत नसताना बोलण्यापेक्षा बरं."

"आणि चार ठेवले तर?"

"चौथा नुसता चहा पितो," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. करार त्या दिवशी झाला.

तीन नोड मंजूर झाले, पण मॅनेजरने त्यातले दोन आमच्याच हडपसरच्या सर्व्हर रूममध्ये, एकाच कपाटात ठेवायचे ठरवले. एक बिबवेवाडीच्या हॉस्पिटलात. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, की या इमारतीत आग लागली की बहुमत जळालं. तिसरा तिसऱ्याच जागी हवा. ती जागा त्यांनी स्वतः शोधली. बुधवार पेठेत लाउडस्पीकर आणि अॅम्प्लिफायर विकणारं एक दुकान होतं, त्याच्या माळ्यावर. दुकानदाराचं म्हणणं होतं की निदान ते काय आहे हे तरी सांगा.

"तिसरं मत," बाई म्हणाल्या.

"त्याला आवाज किती आहे?"

"अजिबात नाही. वेळ आली तरच बोलतं. वायर काढू नका."

त्यांचे नियम असे बरेच होते. नोडवर दुसरं कुठलंही काम चालवायचं नाही. मॅनेजर म्हणाला, एवढं चांगलं मशीन दिवसभर रिकामं बसतं, हजेरीचं सॉफ्टवेअर त्यावर टाकू. बाई म्हणाल्या, "बंबवाले रिकामे बसलेत म्हणून त्यांना मंडईत भाजी आणायला पाठवू नका." नोडांना आम्हाला ग्रहांची नावं द्यायची होती. बाईंनी पहिला, दुसरा, तिसरा अशी दिली. तिघांची घड्याळं सेकंदाला जुळली पाहिजेत म्हणून रोज तपासायच्या, आणि तपासता तपासता ऑफिसातली भिंतीवरची घड्याळंही नीट लावायच्या. कँटीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, ते त्यांनी मागे केलं. त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी दहा मिनिटांनी उशिरा सुरू व्हायला लागली आणि बाईंबद्दल लोकांचं मत बिघडलं.

लिफ्टमध्ये आमच्या टीममधली तिघं एकदम चढताना दिसली की त्या एकाला बाहेर काढायच्या. "तुम्ही जिन्याने या." एकदा मॅनेजर आणि दोन इंजिनिअर लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकले. बाहेर गर्दी जमली. बाई पोहोचल्या, फटीतून डोकावल्या, तिघं मोजले आणि म्हणाल्या, "बहुमत अडकलंय." आणि आपल्या जागेवर जाऊन त्या तिघांची कामं इतरांना वाटून दिली.

हे वारण्याचं वेड कुठून आलं, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. मी न विचारताच. आम्ही दोघं बिबवेवाडीहून निघणाऱ्या केबल बघत उन्हातून चालत होतो तेव्हा.

हॉस्पिटलातून दोन लाइन निघत होत्या. एक हडपसरला, एक बुधवार पेठेला, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. कागदावर सगळं वेगवेगळं होतं. बाईंचा कागदावर विश्वास नव्हता. छत्रीच्या टोकाने चेंबरची झाकणं वाजवत, खोदणाऱ्या मजुरांना "अहो, ही काळी कुठे जाते?" असं विचारत त्या पुढे, मी मागे.

"आमच्या एक्सचेंजमध्ये एक सुपरवायझर होते," त्या म्हणाल्या. "ट्रंक लाइनचा एक अख्खा बोर्ड त्यांच्या डोक्यात. कुठली तार कुठे जोडलीय ते कागदावर कुठेच नव्हतं. हुशार माणूस. एका सकाळी चहा पिता पिता गेले. संध्याकाळी तो बोर्ड बंद पडला. आम्ही सगळे वैकुंठ स्मशानभूमीत. त्यांची बायको एका बाजूला बसलेली. मोठ्या साहेबांनी मला पुढे केलं, तुम्ही बाई आहात, तुम्ही विचारा. आणि मी विचारलं, वहिनी, साहेबांनी बोर्डाचा नकाशा घरी कुठे ठेवलाय का?"

त्यांनी छत्रीने आणखी एक झाकण वाजवलं.

"त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरलेले नाही. माणूस जाऊ शकतो. त्याच्या बायकोला असं कोणी विचारता कामा नये."

पुढे कालव्यावरच्या एका लहान पुलाशी त्या थांबल्या. पुलाच्या कडेने एक लोखंडी पाइप गेला होता. त्याच्या तुटक्या तोंडातून दोन केबल दिसत होत्या, एक काळी, एक नारिंगी, दोन्ही एकाच सुतळीने बांधलेल्या.

"दोन कंपन्या, दोन करार आणि एक पाइप," बाई म्हणाल्या. ऑफिसला येऊन त्यांनी एक पानी टिपण लिहिलं: हा पाइप तुटला तर हॉस्पिटलचा नोड एकटा पडेल. मॅनेजरने वाचलं, बरोबर आहे म्हणाला आणि पुढच्या वर्षीच्या कामात धरलं.

पाइप त्याच वर्षी तुटला. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, पुलाशेजारी खोदकाम चालू असताना. आणि त्या मंगळवारी बाई वारल्या होत्या.

मी कामासाठी बिबवेवाडीच्या हॉस्पिटलातच होतो. जे व्हायचं तेच झालं. हॉस्पिटलच्या नोडला बाकीचे दोघं दिसेनात, तो गप्प बसला. हडपसर आणि बुधवार पेठ मिळून काम चालू राहिलं. म्हणजे हॉस्पिटलच्या हडपसर शाखेचं सगळं व्यवस्थित चालू, बिबवेवाडीत बंद. यासाठी बाईंनी रेकॉर्ड रूममध्ये एक कागद चिकटवून ठेवला होता: 'सिस्टिम बंद पडली तर घाबरू नका. फोटो मशीनमध्ये दिवसभर राहतात. नावं वहीत लिहा.' रेकॉर्ड रूमच्या जगदाळेताई, तिथे वीस वर्षं काढलेल्या, त्यांनी लगेच लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली आणि नावं, वय, वेळ लिहायला लागल्या. डॉक्टर मशीनपाशी जाऊन फोटो बघत होते. रांग वाढली, चिडचिड वाढली. पण कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

विश्वस्तांनी मॅनेजरला फोन केला. मॅनेजरने मला.

"नोडला जबरदस्तीने चालू कर. त्याला सांग, तू एकटाच आहेस, तूच मालक."

ते करता येत होतं. तीन कमांड होत्या आणि पासवर्ड माझ्याकडे होता. करायचं नाही, एवढंच बाईंनी शिकवलं होतं.

"बाईंना विचारतो," मी म्हणालो.

बाईंचा मोबाइल बंद होता. घरच्या फोनवर त्यांचे यजमान आले. तेही टेलिफोन खात्यातूनच निवृत्त झालेले.

"अहो, त्या आज वारल्या आहेत ना?"

"हो, पण अर्जंट आहे."

"वारलेल्या माणसाला अर्जंट काय असतं?" ते म्हणाले. मग हळूच, "खरंच कुठे गेल्यात मला सांगत नाहीत हो. सांगितलं तर मी सांगेन, म्हणून."

मॅनेजरचा पुन्हा फोन. "तू कर रे. मी सांगतोय ना."

मी केलं. अकरा मिनिटं लागली. सिस्टिम चालू झाली तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. जगदाळेताईंनी वही मिटून कपाटात ठेवली आणि मला चहा आणि खारी दिली. म्हणाल्या, "बाईंनी चांगलं तयार केलंय हो तुम्हाला." त्या दिवशी मी साडेचार तास हुशार होतो.

दुपारी चारला केबल जोडली गेली आणि दोन्हीकडचे नोड एकमेकांना भेटले. दोघांनीही सांगितलं, खरी वही माझी. एकाच गावात दोन तलाठी बसून एकाच गट नंबरचे उतारे वेगवेगळ्या लोकांना देत असावेत, तसं झालं होतं. साडेचार तास बिबवेवाडी आणि हडपसर दोन्हीकडे तेच क्रमांक वेगवेगळ्या पेशंटना दिले गेले होते. आता एका क्रमांकाखाली नाव याचं, फोटो त्याचा. दोन्हीकडच्या जुन्या एक्स-रे मशीनवर फोटोच्या कोपऱ्यात नाव उमटत नसे, फक्त क्रमांक उमटायचा. आणि हे आमच्या लक्षात येईपर्यंत डॉक्टरांनी त्या क्रमांकांवरून रिपोर्ट लिहूनही टाकले होते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. "मी नसताना काय अडलं?"

मी सांगितलं. सगळं, उभ्यानेच. त्यांनी मध्येच फक्त दोन प्रश्न विचारले. किती वाजता, आणि किती वेळ. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वही कधीपर्यंत लिहिली त्यांनी?"

"मी चालू करेपर्यंत."

"म्हणजे तुम्ही वहीही बंद पाडलीत," त्या म्हणाल्या. मग शबनम उचलली. "चला. आता माणसांना विचारायला लागेल."

सहा दिवस आम्ही दोघं आणि जगदाळेताई रेकॉर्ड रूममध्ये बसलो. दोन्हीकडच्या प्रतींतून सगळे फोटो मिळाले. बाई म्हणाल्या त्याप्रमाणे सामान हरवलं नव्हतं, चिठ्ठ्या बदलल्या होत्या. हात कोणाचा, गुडघा कोणाचा, बाई की पुरुष, वय काय, यावरून एकेक जोडी सोडवायची. शंका आली की फोन करायचा. फोन बाई करायच्या. "आपला एक्स-रे आमच्याकडून दुसऱ्याच्या नावावर गेला. आपण पुन्हा येता का? नाही, आपली काही चूक नाही. आमची." लोक शिव्या द्यायचे, बाई त्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि मग वेळ विचारायच्या. जगदाळेताई वहीत खूण करायच्या. एकशे बारा जोड्या होत्या. सहाव्या दिवशी एक उरली.

दोन्ही पुरुष, दोघंही साठीच्या पुढचे, दोघांचाही छातीचा फोटो. एक फोटो स्वच्छ. दुसऱ्यात उजव्या बाजूला वर डाग. डॉक्टरांनी दोघांनाही स्वच्छ फोटोवरून रिपोर्ट दिला होता, काही नाही म्हणून. त्यातले एक निवृत्त शिक्षक, बिबवेवाडीचे. ते तणतणत रिक्षाने आले, पुन्हा फोटो काढला, स्वच्छ निघाला. म्हणजे डाग दुसऱ्याचा. त्या दुसऱ्यांनी फोन नंबरच दिलेला नव्हता. पत्ता होता, हडपसरच्या पुढे, कालव्याकाठची एक गुलाबाची नर्सरी.

आम्ही आधी बसने आणि मग चालत गेलो. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. खोदकामामुळे, तांत्रिक कारणामुळे, अशी.

नर्सरीत एक म्हातारी रोपांना खुरपत होती. "मालक आत हायेत. पानी धरत्यात. बसा की."

आम्ही उलट्या घातलेल्या कुंड्यांवर बसलो. बाबा आले. उंच, वाळलेले, डोक्यावर टोपी. येता येता दोनदा खोकले. बाईंनी उभं राहून सांगितलं की तुमचा फोटो बदलला होता, तुमच्या फोटोत डाग आहे, पुन्हा तपासायला पाहिजे, आजच.

"डाक्टर तर म्हनले काय न्हाय," बाबा म्हणाले. "मी खोकल्याच्या गोळ्या टाकून दिल्या. कामाला लागलो."

"घरात लहान कोणी आहे?"

"नातू हाय. सा वर्साचा."

"झोपतो कुठे?"

"माज्याच कुशीत. दुसरीकडं झोपतच न्हाय त्यो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मला ते जास्त लागलं.

"ह्ये केलं कुनी?" बाबांनी विचारलं. रागाने नाही. जनावर पिकात कोणाचं शिरलं, असं विचारावं तसं.

बाई बोलतील असं मला वाटलं. त्या गुलाबांकडे बघत राहिल्या.

"मी," मी म्हणालो. "मशीन बंद पडलं होतं. थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही."

आता बाई बोलल्या. "आणि मी. मी त्या दिवशी हजर नव्हते. असायला हवं होतं."

बाबा माझ्याकडे वळले. "कुठलं तुमी?"

"यवतमाळकडचा."

"आई-बाप हायेत?"

"आहेत."

"त्यास्नी सांगू नका ह्ये," ते म्हणाले. "उगा घोर लागंल." आणि पायातला चिखल धुवायला गेले.

त्यांना घेऊन आम्ही रिक्षाने परतलो. डाग त्यांचाच होता. क्षय होता. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि बरे झाले. मी दर महिन्याला जाऊन बघून यायचो, आणि ते दर महिन्याला मला सांगायचे की आता येत जाऊ नका, कामं खोळंबतात. पण हे नंतरचं. त्याच आठवड्यात नातवाचीही तपासणी झाली. त्याला काही नव्हतं. ते कळलं तेव्हा बाई रेकॉर्ड रूममधून उठल्या, "मला पाच मिनिटं शोधू नका," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन हॉस्पिटलच्या पायरीवर बसल्या. जगदाळेताईंनी दारातून डोकावून बघितलं आणि आत येऊन मला म्हणाल्या, "तुम्ही जाऊ नका."

कंपनीने हॉस्पिटलला द्यायचा अहवाल मॅनेजरने लिहिला. त्यात खोदकाम होतं, तांत्रिक अडचण होती, माणूस कुठेच नव्हता. बाईंनी तो वाचून परत दिला आणि स्वतःचा दोन पानांचा लिहून थेट विश्वस्तांना पाठवला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यात मॅनेजरचा फोन होता, वेळेसकट. माझं नाव होतं, कमांडसकट. त्याखाली होतं: 'नोड तीन ठेवले, तीन जागी ठेवले. पण नोडावर जबरदस्ती करण्याचा अधिकार एकाच माणसाच्या हाती ठेवला. त्या माणसाला वरिष्ठांना नाही म्हणायची सवय नव्हती, हे मला माहीत होतं. त्याची परीक्षा घेण्यासाठी मी गैरहजर राहिले. परीक्षा पेशंटची झाली. चूक योजनेतली आहे आणि योजना माझी आहे.'

विश्वस्तांनी काम आमच्याकडेच ठेवलं. कंपनीने बाईंना मात्र राजीनामा द्यायला सांगितलं. थेट पाठवलं म्हणून. बाई म्हणाल्या, देते, महिन्याने, तोपर्यंत एक काम आहे. मॅनेजरची पुढे बदली झाली. माझी नोकरी राहिली. का राहिली, हे मी बाईंना विचारलं होतं.

"तुम्ही आता दुसऱ्यांदा करणार नाही," त्या म्हणाल्या. "नवीन माणूस पहिल्यांदा करेल."

त्या महिन्यात त्यांनी केबल वेगळ्या रस्त्याने नेल्या, आणि नोडचा पासवर्ड दोन तुकड्यांत केला. अर्धा आमच्याकडे. अर्धा लाखेने बंद केलेल्या पाकिटात, जगदाळेताईंच्या कपाटात.

"बाई, ताईंना कॉम्प्युटरमधलं काही येत नाही," मी म्हणालो.

"त्यांना नाही म्हणता येतं. वीस वर्षं डॉक्टरांना म्हणतायत. बाकीचं तुम्हाला येतं."

निरोपसमारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी साडेपाचला त्यांनी भिंतीवरची घड्याळं एकदा बघितली आणि जिन्याने उतरल्या.

त्यानंतर चार वर्षांनी पुन्हा तसंच झालं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या वायरिंगला आग लागली आणि तिथला नोड एकटा पडला. तोवर मीच टीम सांभाळत होतो. मागे नवे मॅनेजर उभे, त्यांच्या कानाला फोन, फोनवर नवे विश्वस्त. तेच शब्द. जबरदस्तीने चालू करा. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, निदान विचारून तरी बघा. आणि खरं सांगतो, माझं मन डळमळलं. रांगेत एक अपघाताचा पेशंट आहे असं कोणीतरी म्हणालं. मी जगदाळेताईंना फोन लावला.

"ताई, ते पाकीट."

"अपघाताचा फोटो डॉक्टरांनी मशीनवर बघितलाय. पेशंट आत घेतलाय," ताई म्हणाल्या. "मी वही भरतेय. चाळीस नावं झालीत. पाकीट कशाला?"

"मॅनेजर म्हणतायत..."

"मग त्यांना सांगा, ताई नाही म्हणतात."

मी वळून सांगितलं. सांगताना मला जे हलकं वाटलं, ते मी नीट लपवलं नसावं, कारण मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुपारी साडेतीनला लाइन जोडली गेली. हॉस्पिटलचा नोड बाकीच्या दोघांत जाऊन मिसळला. ताईंनी वहीतली नावं एकेक करून चढवली. एकही क्रमांक चुकला नाही.

संध्याकाळी मी बाईंना घरी फोन केला. वर्षभरात केला नव्हता. त्यांनीच उचलला. मी आग, नोड, पाकीट, ताई, सगळं सांगितलं.

"मग काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाई. काहीच झालं नाही."

"मग फोन कशाला केलात?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.